केशरी पट्ट्याची पडताळणी : कोल्हापुरातून घेतलेल्या एका चांद्रछायाचित्राचे प्रकरण

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी आमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांकडून फलक मागवले जातात, आणि ते छपाईला जाण्यापूर्वी त्यांतील मजकूर तपासण्याचे काम भूशास्त्र शिकवणारा म्हणून माझ्याकडे येते. यंदा आलेल्या फलकांत एक चंद्राचे रंगीत छायाचित्र होते. करवीर तालुक्यातील पंचगंगेकाठच्या एका गावात राहणाऱ्या, दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थिनीने ते पौष पौर्णिमेच्या संध्याकाळी आपल्या घराच्या गच्चीवरून १५० मिलिमीटर व्यासाच्या आरशाच्या दुर्बिणीला कॅमेरा जोडून घेतले होते. ऐंशी चित्रे एकावर एक रचून आणि रंगांचे सॅच्युरेशन, म्हणजे गडदपणा, टप्प्याटप्प्याने वाढवून तिने चंद्राचा नेहमीचा राखाडी चेहरा निळसर, तपकिरी आणि मोहरीच्या रंगछटांनी भरून टाकला होता. चित्र देखणे होते, यात शंका नाही. प्रश्न त्याच्या मथळ्याचा होता. मेअर सेरेनिटाटिस या काळ्या मैदानाच्या आग्नेय काठावर दिसणाऱ्या बारीक केशरी पट्ट्याकडे बाण काढून तिने लिहिले होते : ‘अपोलो १७ च्या अंतराळवीरांना सापडलेली केशरी माती, कोल्हापुरातून.’

मी तिला बोलावून घेतले तेव्हा तिचे पहिले वाक्य होते, “सर, रंग मी घातलेला नाही, आहे तोच वाढवलाय.” हे वाक्य खरे होते, आणि पुढची सगळी पडताळणी त्याच वाक्याभोवती फिरली. रंग फाइलमध्ये होता हे नक्की. तो चंद्रावर होता की चंद्र आणि कॅमेरा यांच्यामध्ये कुठेतरी होता, एवढेच ठरवायचे होते.

बाण ज्या जागेकडे रोखलेला होता ती जागा तिने मनानेच निवडलेली नव्हती. सेरेनिटाटिसच्या त्याच काठावर टॉरस-लिट्रो नावाची दरी आहे आणि ११ डिसेंबर १९७२ रोजी नासाच्या अपोलो १७ मोहिमेचे यान तिथेच उतरले. युजीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट हे दोघे पृष्ठभागावर होते आणि रॉन इव्हान्स वर कक्षेत फिरत होते. श्मिट हे पेशाने भूवैज्ञानिक होते, आणि चंद्रावर पाऊल ठेवलेला त्या पेशाचा माणूस आजवर तोच एक आहे. दुसऱ्या दिवशीच्या फेरीत ते शॉर्टी नावाच्या, सुमारे ११० मीटर व्यासाच्या विवराच्या काठावर थांबले. कक्षेतून घेतलेल्या चित्रांत या विवराभोवती काळसर वलय दिसत असल्यामुळे हे ज्वालामुखीचे तोंड असावे, अशी एक शक्यता उड्डाणाआधीपासूनच चर्चेत होती. काठावरच्या मोठ्या खडकाजवळ चालताना श्मिट यांच्या बुटाने वरची राखाडी धूळ उकरली गेली आणि खालून केशरी रंग दिसला. त्यानंतर जे घडले ते मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. आपण बघेपर्यंत ती माती हलवू नका, असे सर्नन यांनी आधी बजावले, आणि जवळ आल्यावर हेल्मेटवरची सोनेरी मुलामा दिलेली काच वर सरकवून पुन्हा पाहिले. काच काढल्यावरही माती केशरीच होती. डोळा आणि माती यांच्यामध्ये रंग देऊ शकणारी जी एकच वस्तू होती ती त्यांनी बाजूला केली आणि मगच रंगावर विश्वास ठेवला.

गच्चीवरच्या छायाचित्रासाठीही हेच करायचे होते. फक्त इथे मध्ये असलेली काच, म्हणजे पृथ्वीची हवा, वर सरकवता येत नव्हती.

सुरुवात आम्ही साध्या गणिताने केली. पृथ्वी ते चंद्र हे सरासरी अंतर सुमारे ३,८४,४०० किलोमीटर आहे. या अंतरावर ११० मीटरचे विवर सुमारे ०.०६ विकला एवढा कोन व्यापते (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). १५० मिलिमीटरच्या दुर्बिणीची भेदनक्षमता, म्हणजे बारीक तपशील वेगळे दाखवण्याची क्षमता, हवा अगदी निश्चल असली तरी, पाऊण विकलेच्या आसपास थांबते, म्हणजे चंद्रावरच्या साधारण १.४ किलोमीटरपर्यंत. तिच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल सुमारे ०.७ विकलेचा होता, म्हणजे संपूर्ण शॉर्टी विवर एका पिक्सेलच्या बाराव्या भागाएवढे. केशरी मातीचा प्रत्यक्ष पट्टा तर जेमतेम एक मीटर रुंद होता. हा हिशेब तिने स्वतः वहीत मांडला आणि मथळ्यातला ‘सापडलेली’ हा शब्द स्वतःच खोडला. तरीही एक शंका उरत होती, आणि ती तिनेच काढली. त्या दरीच्या परिसरात अशीच माती दूरवर पसरलेली असेल, तर विवर दिसले नाही तरी एकूण प्रदेश केशरी दिसणार नाही का? शंका रास्त होती. टॉरस-लिट्रो परिसरात ज्वालामुखीजन्य काळसर थर काही हजार चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, आणि एवढा प्रदेश तिच्या दुर्बिणीतून सहज दिसतो.

या शंकेचे उत्तर देण्यासाठी ती माती काय आहे हे आधी नीट पाहावे लागले, आणि इथे कोल्हापूरच्या माणसाची एक पक्की समजूत आडवी आली. तांबडी माती म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पन्हाळ्याचा जांभा येतो. जोतिबाच्या मंदिराचा काळा पाषाण आणि पन्हाळ्याच्या माथ्यावरचा जांभा मुळात एकाच घराण्यातले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये पसरलेल्या लाव्हारसाचा काळा बेसॉल्ट पाऊस आणि उन्हाच्या माऱ्याखाली अतिदीर्घकाळ कुजत गेला, त्यातले विरघळणारे घटक वाहून गेले, आणि उरलेल्या लोखंडाला प्राणवायू मिळून ते गंजल्यामुळे जांभ्याला त्याचा रंग आला. त्यामुळे केशरी म्हणजे गंज आणि गंज म्हणजे पाणी, हे समीकरण आपल्या अंगवळणी पडले आहे. शॉर्टीच्या काठावर उभ्या असलेल्या श्मिट यांच्या मनातही प्रथम असाच विचार आला होता. जमिनीतून निघणाऱ्या वाफांनी खडक बदलून हा रंग आला असावा, असे त्यांना वाटले, आणि ते खरे ठरते तर ते विवर अलीकडच्या काळातील ज्वालामुखीचे तोंड ठरले असते.

हाताशी वेळ थोडा होता. तेवढ्यात त्यांनी चर खणला, केशरी पट्ट्याचे आणि दोन्ही बाजूंच्या राखाडी मातीचे वेगवेगळे नमुने घेतले, आणि त्याच जागी नळी ठोकून सुमारे ७० सेंटिमीटर खोलीपर्यंतचा गाभा बाहेर काढला. केशरी नमुन्याला ७४२२० हा क्रमांक मिळाला. पृथ्वीवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर त्यात गंजाचा मागमूस नव्हता. ती माती म्हणजे सरासरी ०.०४ मिलिमीटर आकाराचे काचेचे मणी होते, त्यांतले बरेचसे गोल आणि पारदर्शक. चिमटीत घेतली तर हळदीच्या पुडीसारखी वाटावी, पण कण न् कण काचेचा, अशी ही माती. वजनाच्या सुमारे ९ टक्के टायटॅनियम डायऑक्साइड आणि २२ टक्क्यांच्या आसपास लोह-ऑक्साइड असलेल्या काचेतून प्रकाश गेला की तो केशरी दिसतो. तिथले लोखंड न गंजलेल्या अवस्थेतच आहे. याच्या सुमारे सोळा महिने आधी, ऑगस्ट १९७१ मध्ये, अपोलो १५ च्या अंतराळवीरांना स्पर विवराजवळ अशाच मण्यांची हिरवी माती मिळाली होती. तिच्यात टायटॅनियम डायऑक्साइड अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे. चंद्रावरच्या या काचांचा रंग बहुतांशी टायटॅनियमच्या प्रमाणानुसार हिरव्यापासून पिवळा, केशरी आणि गडद तांबड्याकडे सरकत जातो.

हे मणी सुमारे ३.६ अब्ज वर्षांपूर्वीचे आहेत. चंद्राच्या पोटात शेकडो किलोमीटर खोलीवर वितळलेला रस वर येताना त्यातला वायू, मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड, फसफसून बाहेर पडला आणि रसाचे कारंजे उडाले. वर हवा नाही आणि गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक-षष्ठांश, त्यामुळे थेंब फार उंच आणि फार दूर फेकले गेले आणि खाली पडेपर्यंत गोठून काच झाले. त्या थरावर नंतर इतर थर साचले आणि तो झाकला गेला. शॉर्टी विवर हे ज्वालामुखीचे तोंड नाहीच. फार नंतर, गेल्या एक ते तीन कोटी वर्षांत कधीतरी, एका अशनीच्या आघाताने ते खणले गेले आणि पुरलेला जुना थर पुन्हा वर आला.

पण आमच्या प्रकरणाचा निकाल केशरी मण्यांपेक्षा गाभ्याच्या तळाने लावला. नळीतून काढलेल्या गाभ्यात वर केशरी मणी होते, आणि खाली गेल्यावर माती जवळजवळ काळी होती. रासायनिक घडण दोन्हींची एकच आहे. फरक आहे तो थंड होण्याच्या वेगाचा. कारंज्याच्या विरळ भागातून उडालेले थेंब झटकन थिजले आणि काच राहिले, तर दाट, गरम भागातले थेंब जरा सावकाश निवले, त्यामुळे त्यांच्यात ऑलिव्हिन आणि इल्मेनाइट (लोह व टायटॅनियमचे काळे खनिज) या खनिजांचे सूक्ष्म स्फटिक वाढले आणि ते अपारदर्शक, काळे झाले.

ही गोष्ट मी त्या मुलीला समजावून सांगत असताना तिने मला थांबवले आणि सांगितले की तिचे चुलते गुऱ्हाळावर गुळव्या आहेत आणि हे तिने रोज पाहिलेले आहे. दोन दिवसांनी मी स्वतः तिथे गेलो. काहिलीतला रस आटत आला होता. चुलत्यांनी उलथण्यावर चिकटलेला पाक बोटाने निपटून गार पाण्याच्या भांड्यात सोडला. थेंब तळाशी जाईपर्यंत टणक झाला, आणि त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला तेव्हा तो मधाच्या रंगाचा, आरपार दिसणारा मणी होता. तोच पाक वाफ्यात ओतून घोटल्यावर दाणा धरू लागला आणि त्याची पारदर्शकता गेली. “पाक त्योच हो सर, निवतोय कसा त्यावर दाणा ठरतोय,” असे ते सहज म्हणाले. गुळाचा दाणा साखरेचा आणि मण्यांतला इल्मेनाइटचा, तेव्हा तुलना इथपर्यंतच न्यावी. पण एकच रस दोन वेगांनी निवला तर दोन वेगळे रंग दाखवतो, हे यापेक्षा स्पष्ट कुठल्या प्रयोगशाळेत दाखवता आले असते असे मला वाटत नाही.

आता तिच्या शंकेकडे परत जाता येते. टॉरस-लिट्रोच्या आसपास पसरलेल्या थरात काळ्या, स्फटिकयुक्त मण्यांचे प्राबल्य आहे, हे दूरवरून केलेल्या वर्णपटीय निरीक्षणांतून दिसून आले आहे. इल्मेनाइटमुळे असा प्रदेश दुर्बिणीतून गडद आणि शेजारच्या मैदानापेक्षा निळसर दिसतो. म्हणजे जिथे केशरी माती हातात आली, तो प्रदेश पृथ्वीवरून केशरी दिसायला नको, काळपट निळा दिसायला हवा. मग चित्रातला केशरी पट्टा आला कुठून?

माझा संशय हवेच्या वर्णविकिरणावर होता. क्षितिजाजवळचा प्रकाश हवेच्या तिरक्या, जाड थरातून येतो आणि लोलकातून गेल्यासारखा किंचित फाकतो. निळा प्रकाश जास्त वळत असल्यामुळे निळी प्रतिमा थोडी वर आणि तांबडी थोडी खाली सरकते. परिणामी प्रत्येक उजळ भागाच्या खालच्या काठाला तांबूस आणि वरच्या काठाला निळसर किनार येते. चित्र घेतले तेव्हा चंद्र क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर होता. एवढ्या उंचीवर हे सरकणे चार-पाच विकलांच्या घरात जाते, म्हणजे तिच्या चित्रात सहा-सात पिक्सेल आणि चंद्रावर आठ-नऊ किलोमीटर. ऐंशी चित्रे एकावर एक रचल्याने हवेची थरथर कमी होते, पण ही किनार कमी होत नाही, कारण ती ऐंशीही चित्रांत एकाच दिशेला असते. आणि सॅच्युरेशन वाढवले की चंद्राच्या मूळ रंगाबरोबर तीही वाढते.

चंद्र उगवताना त्याच्या पूर्व कडेजवळच्या मेअर क्रिसियम या काळ्या मैदानाची बाजू वर असते. त्यामुळे सेरेनिटाटिसच्या पूर्व काठाला उजळ टॉरस पर्वत वर आणि काळे मैदान खाली, अशी मांडणी होते, आणि उजळ भागाची तांबूस किनार नेमकी टॉरस-लिट्रोवर पडते. फलकासाठी चित्र फिरवून उत्तर दिशा वर केल्यामुळे हा धागा दिसेनासा झाला होता. मूळ फाइल उगवत्या चंद्राप्रमाणे फिरवल्यावर तीच केशरी किनार क्रिसियमच्या वरच्या काठावरही सापडली, आणि सेरेनिटाटिसच्या समोरच्या, पश्चिमेकडील काठावर तिची निळी जोडीदारीण होती. गुऱ्हाळांच्या धुराला दोष देण्याचा मोह झाला होता, पण धूर सगळ्या बिंबाला सारखाच तांबूस करतो. तो एका काठापुरता केशरी पट्टा ओढत नाही. आरशाच्या दुर्बिणीला कॅमेरा थेट जोडलेला असल्याने भिंगामुळे येणाऱ्या रंगदोषाचाही प्रश्न नव्हता.

तरीही संशय म्हणजे पुरावा नाही. माघ पौर्णिमेला तिने त्याच गच्चीवरून, त्याच मांडणीने तीन वेळा चित्रे घेतली : चंद्र पूर्वेला पंधरा अंशांवर असताना, मध्यरात्री तो जवळजवळ डोक्यावर असताना, आणि पहाटे तो पश्चिमेला पुन्हा पंधरा अंशांवर उतरल्यावर. कोल्हापूरचे अक्षांश १६.७ अंश असल्यामुळे हिवाळ्यातील पौर्णिमेचा चंद्र इथे मध्यरात्री माथ्याच्या फार जवळ येतो आणि तेव्हा हवेचा हा दोष नगण्य उरतो. आपल्या गावाचा हा फायदा हौशी निरीक्षकांनी अधिक घ्यायला हवा. मावळताना क्रिसियमची बाजू खाली जाते, म्हणून किनार हवेची असेल तर पहाटेच्या चित्रात टॉरस-लिट्रोवर केशरीऐवजी निळी किनार यायला हवी, असे आम्ही आधीच कागदावर लिहून ठेवले होते.

तसेच झाले. संध्याकाळी पट्टा केशरी होता, मध्यरात्री तो नाहीसा झाला, आणि पहाटे त्याच जागी निळा पट्टा होता. मध्यरात्रीचे चित्र पडद्यावर उघडले तेव्हा ती काही वेळ काहीच बोलली नाही. पौष पौर्णिमेच्या चित्रावर तिने तीन रात्री घालवल्या होत्या आणि मला तिच्यासाठी मनापासून वाईट वाटले.

पण तिन्ही चित्रांत जे टिकले ते मला पट्ट्यापेक्षा कितीतरी मोलाचे वाटते. शेजारचे मेअर ट्रँक्विलिटाटिस हे मैदान तिन्ही वेळा निळसर आणि सेरेनिटाटिसचा मधला भाग तपकिरी राहिला. ट्रँक्विलिटाटिसमधून अपोलो ११ ने आणलेला बेसॉल्ट टायटॅनियमने समृद्ध आहे आणि सेरेनिटाटिसच्या मधल्या लाव्हात ते कमी आहे, या माहितीशी हे रंग जुळतात. सेरेनिटाटिसच्या आग्नेय काठावरचा गडद, निळसर डागही टिकला. तो अपेक्षित जागी आणि अपेक्षित रंगाचा आहे, मात्र साध्या कॅमेऱ्याच्या तीन रंगांवरून काळ्या मण्यांचा थर आणि शेजारचा टायटॅनियमयुक्त बेसॉल्ट वेगळे काढता येत नाहीत, हे फलकावर लिहिण्याचा आग्रह मी धरला. चंद्राच्या पश्चिम भागातील अ‍ॅरिस्टार्कस विवराशेजारचे, सुमारे २०० किलोमीटर रुंदीचे पठारही तिन्ही चित्रांत मोहरीच्या रंगाचे होते. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० च्या सुमारास अतिनील प्रकाशात चंद्राची छायाचित्रे घेतली तेव्हा याच भागात त्यांना वेगळाच गडद डाग दिसला होता. जवळजवळ ५०,००० चौरस किलोमीटरवर पसरलेला ज्वालामुखीच्या काचमण्यांचा हा थर चंद्रावर ज्ञात असलेल्या अशा थरांत सर्वांत मोठा आहे आणि त्यात न स्फटिकलेली काच भरपूर आहे. केशरी काचेचा रंग पृथ्वीवरून पाहायचाच असेल, तर तो इथे आहे. या पठारावर अजून कोणीही उतरलेले नाही.

फलकात एक परिच्छेद मी स्वतःहून घालायला सांगितला, कारण या मण्यांचे महत्त्व रंगापुरते नाही. चंद्र अंतर्बाह्य कोरडा आहे हे अनेक दशके गृहीत धरले गेले होते. २००८ मध्ये अल्बर्टो साल आणि सहकाऱ्यांनी अपोलोच्या काचमण्यांत पाण्याचे अंश मोजले, आणि २०११ मध्ये एरिक हौरी यांच्या गटाने याच ७४२२० नमुन्यातील ऑलिव्हिन स्फटिकांत बंदिस्त राहिलेल्या रसाच्या थेंबांत दशलक्ष भागांत ६१५ ते १४१० भाग पाणी नोंदवले. वायू उडून जाण्याआधीच तो रस स्फटिकाच्या पोटात अडकला होता, म्हणून पाणी टिकले. त्यानंतर २०१७ मध्ये, आपल्या चांद्रयान-१ वरील नासाच्या वर्णपटमापकाने २००८-०९ मध्ये टिपलेल्या माहितीतून, चंद्रावरच्या अनेक ज्वालामुखीजन्य थरांत पाण्याच्या खुणा असल्याचे दाखवले गेले.

फलकावर शेवटी तीन चित्रे शेजारी शेजारी लागली, संध्याकाळचे, मध्यरात्रीचे आणि पहाटेचे, आणि पौष पौर्णिमेचे मूळ चित्रही तिने कोपऱ्यात ठेवले, त्यावरचा बाण न पुसता. मध्यरात्रीच्या चित्रात दोन नवे बाण आहेत. एक अ‍ॅरिस्टार्कसच्या पठाराकडे जातो. दुसरा सेरेनिटाटिसच्या काठावरच्या त्या काळपट निळ्या डागाकडे जातो आणि त्याखाली तिने लिहिले आहे : ‘केशरी माती इथे सापडली. इथून ती दिसत नाही.’ पुढच्या कोरड्या ऋतूत तिला सेरेनिटाटिसच्या नैर्ऋत्य काठावरचा सल्पिशियस गॅलस परिसर टिपायचा आहे. शॉर्टीवरची बातमी ऐकल्यावर अपोलो १७ च्या अंतराळवीरांना कक्षेतून तिथे केशरी छटा दिसल्या होत्या. चित्र मध्यरात्रीच घ्यायचे, हे तिने वेळापत्रकात आधीच लिहून ठेवले आहे.